थायलंडच्या खेड्यांतली आरोग्य साक्षरता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सार्वजनिक आरोग्यात काम करणारे, आशाताईंना प्रशिक्षण देणारे, समाजकार्याचे विद्यार्थी आणि नुसतं कुतूहल असलेले वाचक थायलंडबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. थायलंड म्हटलं की आपल्याला समुद्रकिनारे आठवतात. पण सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना या देशाची खेडी जास्त ओळखीची आहेत, आणि त्या खेड्यांकडून शिकण्यासारखं खूप आहे. तिथे काय जमलं हे तर शिकावंच, पण काय जमता जमत नाही तेही शिकावं.

आरोग्य साक्षरता म्हणजे काय? लिहिता-वाचता आलं की ती आपोआप येते ना?

येत नाही. थायलंडमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढ साक्षर आहेत, तरी औषधाची पट्टी हातात घेऊन गोंधळणारे आजी-आजोबा तिथेही आपल्याइतकेच भेटतात. आरोग्याची माहिती मिळवणं, ती समजणं, खरी-खोटी पारखणं आणि आपल्या घरातल्या परिस्थितीत ती वापरणं, या सगळ्याला मिळून आरोग्य साक्षरता म्हणतात. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० साली तिच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिली म्हणजे वाचून कळणं, दुसरी विचारून-बोलून कळणं आणि तिसरी म्हणजे मिळालेल्या माहितीवर स्वतः विचार करून आयुष्याचे निर्णय घेणं. थाई आरोग्य मंत्रालयाच्या मोजमापातही सेवा आणि माहितीपर्यंत पोहोचणं, समज, संवाद, स्वतःची काळजी, माध्यमांतल्या दाव्यांची पारख आणि निर्णयक्षमता असे भाग आहेत.

एक उदाहरण घेऊ. ईशान्येकडच्या इसान भागात चिकट भात खातात. तो बांबूच्या झाकणाच्या टोपलीतून हाताने घ्यायचा, बोटांनी गोळा करायचा आणि भाजीत किंवा चटणीत बुडवून खायचा. मधुमेह असलेल्या बाईला कुणी सांगितलं, 'जेवताना भाताचा एकच डाव घ्या,' तर तिच्या जेवणात डावच नाही! टोपली मधे असते, सगळे तीतून घेत असतात आणि आपण किती गोळे खाल्ले हे कुणी मोजत नाही. सल्ला वैद्यकीयदृष्ट्या अचूक असूनही त्या घरात तो निरुपयोगी ठरतो. 'मुठीएवढा भात आधी वेगळा काढून घ्या' म्हटलं तर निदान सुरुवात होते.

थायलंडला याचं महत्त्व कधी कळलं?

शब्द नवा असला तरी काम जुनं आहे. उत्तरेकडच्या लांपांग प्रांतात १९७४ पासून एक मोठा प्रकल्प चालला. त्यात गावातल्याच लोकांना शिकवून आरोग्यसेवेत आणलं. १९७७ मध्ये गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेवकांची योजना सुरू झाली, म्हणजे 'सर्वांसाठी आरोग्य'ची घोषणा करणाऱ्या १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेच्याही आधी. पुढे २०१७ च्या राज्यघटनेच्या ५५ व्या कलमात आरोग्यसेवेबरोबरच आरोग्यसंवर्धन आणि रोगप्रतिबंधाचं मूलभूत ज्ञान लोकांना मिळेल हे पाहणं सरकारचं कर्तव्य ठरवलं गेलं. रुग्णालय बांधणं हे जसं सरकारचं काम, तसं लोकांना समजेल असं सांगणं हेही सरकारचंच काम, हे राज्यघटनेत असणं मला फार मोलाचं वाटतं.

हे गावातले आरोग्य स्वयंसेवक कोण असतात?

थाई लोक त्यांना आद्याक्षरांवरून 'ओ-सो-मो' म्हणतात. देशभरात त्यांची संख्या दहा लाखांच्या वर आहे आणि त्यांत बहुसंख्य बायका आहेत. प्रत्येकीकडे साधारण दहा ते पंधरा घरं. खरी ताकद या आकड्यात आहे. पंधरा घरांत कोण आजारी आहे, कुणाची सून बाळंतपणाला आली आहे, कुणाच्या आजोबांनी गोळ्या बंद केल्या आहेत, हे तिला वही न उघडता माहीत असतं, कारण ती त्याच गल्लीत राहते.

तिचं काम बघायचं तर पावसाळ्यात बघावं. इसानमधल्या घरांच्या बाजूला पावसाचं पाणी साठवायचे सिमेंटचे मोठे रांजण असतात. स्वयंसेविका येते, झाकण सरकवते, टॉर्चचा झोत पाण्यात टाकते आणि वळवळणाऱ्या अळ्या शोधते. दिसल्या तर घरच्या बाईला तिथेच बोलावून दाखवते. डेंगीवरचं व्याख्यान कुणी विसरेल, पण आपल्याच पिण्याच्या पाण्यातली अळी पाहिलेली बाई झाकण घट्ट लावायला शिकते. मग अळीनाशकाची पुडी, गप्पी मासे, फुलदाणीतलं पाणी बदलणं हे सगळं ओघाने येतं. शिवाय रक्तदाब मोजणं, बोटाच्या टोकावरून साखर तपासणं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे चक्कर टाकणं, गरोदर बाईला तपासणीची आठवण करणं हीसुद्धा तिचीच कामं.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये कोविडमुळे बँकॉक बंद झालं आणि कामगार गावी परतू लागले. तेव्हा घरोघरी जाऊन ताप मोजणं, वेगळं राहायला सांगणं आणि रोज विचारपूस करणं हे याच बायकांनी केलं. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचं जाहीर कौतुक केलं.

त्यांना पगार असतो का?

पगार नाही, मानधन असतं. बरीच वर्षं काम पूर्ण विनामोबदला होतं. २००९ पासून महिना ६०० बाट (बाट हे थायलंडचं चलन) मिळू लागले, पुढे ते १००० झाले आणि २०२३ मध्ये ते २००० बाट करण्याचा निर्णय झाला. स्वयंसेवक आणि त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना वैद्यकीय सवलती मिळतात, आणि २० मार्च हा त्यांचा दिवस म्हणून साजरा होतो. मानधन वाढवल्याने सेवाभाव कमी होतो, असा आक्षेप तिकडेही घेतला जातो. उन्हातान्हात पंधरा घरं फिरणाऱ्या बाईने पेट्रोलचे पैसे तरी पदरचे का घालावेत, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावं.

म्हणजे आपल्या आशाताईच की! फरक काय?

दोन मोठे फरक आहेत. आशाताई २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आल्या आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक असं प्रमाण ठरलं. थायलंडमध्ये तेवढ्या वस्तीला पंधरा-वीस स्वयंसेवक मिळतात. दुसरं, आशाताईंच्या मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक ठरतो. प्रसूती, लसीकरण, सर्वेक्षण यांचे दर ठरलेले, आणि 'शेजारणीशी अर्धा तास बोलून तिला गोळ्या चालू ठेवायला लावल्या' याला त्यात रकाना नाही. आरोग्य साक्षरतेचं काम बहुतांशी त्या अर्ध्या तासातच होतं.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी मात्र नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि कमी शिकलेल्या, अनेकदा अजिबात न शिकलेल्या बायकांना गावच्या आरोग्याच्या जाणकार बनवलं. थायलंडने तशाच विचाराची व्यवस्था देशभर उभी केली आणि जवळजवळ पन्नास वर्षं न मोडता चालवली. मला हेवा वाटतो तो या चिकाटीचा.

'तीन ओ, दोन सो' ही काय भानगड आहे?

थायलंडच्या आरोग्य प्रचाराचं हे घोषवाक्य. आहार, व्यायाम आणि मन या तिन्हींसाठीचे थाई शब्द एका अक्षराने सुरू होतात, तर धूम्रपान आणि दारूचे दुसऱ्या अक्षराने. तीन गोष्टी सांभाळा, दोन टाळा. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, शाळेत, ग्रामसभेत हे सगळीकडे दिसतं. लक्षात ठेवायला सोपं आहे आणि मनाचं आरोग्य आहाराच्या पंगतीला बसवलंय हे फार चांगलं. अडचण एवढीच की दिवसभर भातशेतात वाकून काम केलेल्या माणसाला 'व्यायाम करा' सांगितलं की तो मान डोलावतो आणि विसरतो.

बीपी आणि शुगरचे आकडे गावात कसे समजावून सांगतात?

रंगांनी. डॉ. विचाई थियानथावोर्न यांनी 'सात रंगांचे चेंडू' अशी पद्धत काढली. पांढरा म्हणजे सगळं ठीक, फिका हिरवा म्हणजे धोक्याच्या काठावर, गडद हिरवा म्हणजे आजार आहे पण आटोक्यात आहे. त्यापुढे पिवळा, नारिंगी, लाल असा चढता क्रम आणि डोळे, मूत्रपिंड, हृदय यांवर परिणाम झाला असेल तर काळा.

थायलंडमध्ये दर चार प्रौढांपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे आणि दर दहांपैकी जवळजवळ एकाला मधुमेह. '१५८' हा आकडा चांगला की वाईट हे कळायला आधी नॉर्मल किती ते माहीत असावं लागतं, रंगाला तशी अट नाही. शिवाय 'मागच्या वेळी नारिंगी होते, आता पिवळ्यात आले' हे अभिमानाने सांगता येतं. माझ्या मते मात्र यात एक काळजी घ्यायला हवी. ज्याला चारचौघांत काळा रंग मिळतो, तो पुढच्या तपासणीला येईलच असं नाही. रंग सांगायचा तो त्या माणसाला, बाजूला घेऊन.

कच्च्या माशांचा आणि कर्करोगाचा संबंध काय? हे खरं आहे का?

दुर्दैवाने पूर्ण खरं आहे. आरोग्य साक्षरतेचा याहून कस पाहणारा विषय थायलंडमध्ये दुसरा नाही, म्हणून जरा सविस्तर.

इसानमध्ये 'कोई प्ला' नावाचा पदार्थ करतात. तळ्यातले, कालव्यातले छोटे मासे बारीक चिरायचे, त्यात लिंबू पिळायचं, मिरची, भाजून कुटलेले तांदूळ आणि पाला-मसाला घालायचा, कुठे लाल मुंग्याही घालतात. शिजवायचं नाही. भाताची कापणी असो की पाहुणे आलेले असोत, मित्र जमले की हे हवंच.

कार्प कुळातल्या, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या नात्यातल्या, या माशांच्या मांसात एका यकृत कृमीची सूक्ष्म पिल्लं असतात. पोटात गेली की ती पित्तनलिकांत जाऊन राहतात, मोठी होतात आणि वर्षानुवर्षं जगतात. त्यांची अंडी शौचावाटे बाहेर पडतात, पाण्यात जातात, तिथल्या गोगलगाई ती गिळतात, गोगलगाईंतून बाहेर पडलेली पिल्लं माशांत शिरतात आणि मासे पुन्हा ताटात. कुत्री-मांजरंही या साखळीत आहेत. पित्तनलिकेचा दाह वीस-तीस वर्षं धुमसत राहिला की काहींना तिथे कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या कृमीला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. पित्तनलिकेच्या कर्करोगाचं जगातलं सर्वाधिक प्रमाण इसानमधल्या खोन केन प्रांतात नोंदलं गेलं आहे.

सगळ्यात घातक बाब म्हणजे सुरुवातीला काहीच दुखत नाही. कावीळ दिसेपर्यंत बहुतेकदा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. खोन केन विद्यापीठातले शल्यचिकित्सक नारोंग खुंतिकेओ यांचे आई आणि वडील दोघंही याच आजाराने गेले. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीची यंत्रं गावागावांत नेऊन, काहीही त्रास नसलेल्या माणसांची तपासणी सुरू केली.

एवढं माहीत असूनही लोक कच्चे मासे का खातात?

'माहीत असूनही' यातच सगळं आलं. गावात विचारलं तर बहुतेक जण सांगतील की कच्च्या माशाने यकृताचा आजार होतो. परीक्षेत पास. पण त्यांच्याकडे आणखीही 'माहिती' असते. लिंबाच्या रसात मासा पांढरा पडतो, म्हणजे तो शिजला. मुंग्यांच्या आंबटपणाने किडे मरतात. सोबत तांदळाची दारू घेतली की काही होत नाही. यातलं काहीच खरं नाही. आम्लाने मांसाचा रंग बदलतो, कृमीच्या पिल्लांचं कवच मात्र शाबूत राहतं.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे उपचार सोपा आहे. प्राझिक्वांटेल या औषधाने कृमी मरतात, आणि ते औषध मिळतं. म्हणून काहींनी हिशेब मांडला की खायचं, वर्षातून एकदा गोळ्या घ्यायच्या आणि पुन्हा खायचं. वारंवार लागण आणि वारंवार उपचार या चक्राने कर्करोगाचा धोका टळत नाही, उलट वाढत असावा असं संशोधकांना वाटतं. आरोग्य खात्याने दिलेल्या चांगल्या औषधाचा गावाने असा अर्थ लावला, यात गावकऱ्यांना मूर्ख ठरवण्यात हशील नाही. त्यांनी मिळालेल्या माहितीवर आपल्या सोयीचा निर्णय घेतला, तुम्ही-आम्हीही तेच करतो.

आणि चवीचं काय? ज्या पुरुषांचं मैत्र या ताटाभोवती जमतं, त्यांतल्या एकानेच 'माझा मासा शिजवून द्या' म्हणणं म्हणजे पंगतीतून उठण्यासारखं आहे. म्हाताऱ्या बापाला मुलगी हे सांगू शकते का? सांगते, आणि बाप हसून ताट पुढे ओढतो.

मग यावर काही उपाय सापडला का?

खोन केनच्या दक्षिणेला लावा नावाचं तळं आहे. त्याच्या काठच्या गावांत खोन केन विद्यापीठाच्या बांचोब श्रीपा आणि सहकाऱ्यांनी साखळीच्या सगळ्या कड्यांवर एकाच वेळी काम केलं. लोकांना औषध दिलं, कुत्र्या-मांजरांवर उपचार केले, तळ्यातल्या गोगलगाई आणि मासे तपासत राहिले, स्वयंसेविकांना घरोघरी पाठवलं आणि 'यकृत कृमीमुक्त शाळा' सुरू केल्या. सुरुवातीला निम्म्याहून अधिक गावकऱ्यांना लागण होती. काही वर्षांत ते प्रमाण पाचव्या हिश्शाच्याही खाली आलं आणि माशांमधली लागणही खूप घटली.

मला यात शाळेचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चाळीस वर्षं कोई प्ला खाल्लेल्या आजोबांची जीभ बदलणं कठीण आहे. सात वर्षांच्या नातवाला ती चव लागण्याआधीच समजावणं शक्य आहे, आणि नातू घरी येऊन मासा शिजवायला लावतो तेव्हा आजोबाही सहसा वाद घालत नाहीत.

औषधांच्या बाबतीत लोकांची समज कशी आहे?

आपल्यासारखीच, म्हणजे काळजी वाटावी अशी. गावातल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या 'या चुत' नावाच्या पुड्या बऱ्याच बदनाम आहेत. एका छोट्या पिशवीत चार-पाच रंगांच्या गोळ्या, नाव नाही, मात्रा लिहिलेली नाही. अंगदुखीला घेतल्या की दोन तासांत शेतात उभं राहता येतं. त्यांत बहुधा वेदनाशामकं आणि स्टेरॉइड असतात. महिनोन् महिने घेतल्यावर चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, जठरातून रक्तस्राव होतो. विक्री बेकायदा आहे, तरी चालते. औषधात स्टेरॉइड आहे का हे गावपातळीवर तपासायचे संच आले आहेत. दुकानदाराशी शत्रुत्व न घेता त्याच्या समोर संशयास्पद पुडी तपासून दाखवणं, हे व्याख्यानापेक्षा पटकन कळतं.

अँटिबायोटिकचं वेगळंच दुखणं आहे. थाई बोलीत त्यांना 'सूज-दाह उतरवणारं औषध' म्हणतात, त्यामुळे घसा दुखला, स्नायू आखडला, जखम लाल झाली की तीच कॅप्सूल मागितली जाते. २००७ मध्ये 'अँटिबायोटिकचा शहाणा वापर' ही मोहीम सुरू झाली. तिने सगळं एकदम सुधारायला न घेता तीनच गोष्टी धरल्या. सर्दी-घसा, साधे जुलाब आणि स्वच्छ साध्या जखमा. या तिन्हींत बहुतेकदा अँटिबायोटिक लागत नाही, एवढंच डॉक्टर, नर्स आणि रुग्ण या सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. पुढे राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कार्यालयाने रुग्णालयांना पैसे देतानाही हा निकष लावला. रुग्णाने औषध न मागणं आणि डॉक्टरने न लिहिणं एकाच वेळी बदलावं लागतं, ही या मोहिमेची नेमकी जाण.

मीठ जास्त खातात म्हणतात, ते खरं का?

हो. थाई माणूस दिवसाला सरासरी ३६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम खातो, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे २००० मिलिग्रॅम. हे मीठ डब्यातून येत नाही, फिश सॉस, आंबवलेला मासा, मसाल्याचे क्यूब आणि झटपट नूडल्स यांतून येतं. म्हणून 'वरून मीठ घेऊ नका' हा आपल्याकडचा सल्ला तिथे फारसा लागू पडत नाही.

दारूबंदीसारखं काही करतात का?

सक्तीपेक्षा संकल्पावर भर आहे. बौद्ध वर्षावासाचे तीन महिने, साधारण जुलै ते ऑक्टोबर, दारू सोडायची मोहीम २००३ पासून चालते. तिच्यामागे थाई आरोग्य संवर्धन प्रतिष्ठान आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला दारू आणि तंबाखूवरच्या अबकारी करावर २ टक्के अधिभार लावून पैसा मिळतो. ज्यांच्यामुळे आजार होतो त्यांच्याकडूनच प्रचाराचा खर्च वसूल करायचा! आपला श्रावण पाळणाऱ्यांना या मोहिमेची नाडी लगेच कळेल. एरवी 'आज नको' म्हणणारा घोळक्यात एकटा पडतो, त्या महिन्यांत मात्र कुणी आग्रह करत नाही.

दुसरी मोहीम मला अधिक भावते, ती म्हणजे दारूमुक्त अंत्यविधी. थाई खेड्यात अंत्यविधी काही दिवस चालतो, गाव जमतं आणि पाहुणचारात दारू ठेवणं हा मानाचा प्रश्न झाला होता. घरातलं माणूस गेलेलं आणि वर कर्ज. 'मी दारू ठेवणार नाही' असं एका घराने म्हणायचं तर लोक काय म्हणतील? पण सरपंच, विहारातले भिक्षू आणि वडीलधारी मंडळी यांनी मिळून पूर्ण गावाचा ठराव केला की कुणाच्याच नाकाला धक्का लागत नाही. अनेक गावांनी असे ठराव केले.

भिक्षूंच्या आरोग्याचा विषय मधेच का येतो?

कारण गाव भिक्षूंना जे वाढतं, ते गावाच्या समजुतीचं माप असतं. दान म्हणून सगळ्यात चविष्ट, तेलकट, गोड पदार्थ द्यायचे. भिक्षूने मिळेल ते खायचं, दुपारनंतर अन्न नाही, मग गोड पेयांवर भागवायचं, आणि चारचौघांत व्यायाम करणं शोभत नाही. पाहण्यांत निम्म्याच्या आसपास भिक्षू स्थूल आढळले. २०१७ मध्ये भिक्षूंच्या आरोग्याची राष्ट्रीय सनद तयार झाली. दान देणाऱ्या बाईने कमी तेलाची भाजी आणि शिजवलेला मासा वाढायला घेतला की तीच भाजी तिच्या घरातही शिजते.

शेतीतल्या विषारी औषधांबद्दल शेतकऱ्यांना माहिती नसते का?

असते. स्वयंसेवक आणि आरोग्य केंद्र बोटातून रक्ताचा थेंब घेऊन कागदी पट्टीवर तपासतात. पट्टीच्या रंगावरून शरीरातल्या एका विकराची पातळी कळते आणि कीटकनाशकांचा किती परिणाम झालाय याचा अंदाज येतो. मुखपट्टी, हातमोजे, वाऱ्याची दिशा हे सगळं सांगून झालेलं असतं. पण तळपत्या उन्हात रबरी हातमोजे घालून दिवसभर फवारणी करून बघा! यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हाही 'त्यांनी काळजी घेतली नाही' असा सूर निघाला होता. थायलंडने १ जून २०२० पासून पॅराक्वाट आणि क्लोरपायरिफॉसवर बंदी घातली. काही धोके माणसाला समजावून कमी होत नाहीत, बाजारातून काढावे लागतात.

मोबाइलवरच्या अफवांचं काय?

आपल्याकडे जसं व्हॉट्सॲप, तसं तिकडे 'लाइन'. सकाळी फुलांची चित्रं आणि 'शुभ सोमवार'चे निरोप, त्यांच्यासोबत 'लिंबू-सोड्याने कर्करोग बरा होतो' असले संदेश. आपल्या कुंपणावरची पिवळी कोरांटीही तिकडे कर्करोगाचं औषध म्हणून गाजली आणि ती मिळवायला लोकांची झुंबड उडाली. इथे वयाचा भाग मोठा आहे. थायलंडमध्ये दर पाच माणसांत साधारण एक साठीपुढचा आहे. तरुण बँकॉकला किंवा कारखान्यात, गावात आजी-आजोबा आणि नातवंडं. लेकाशी जोडलेलं राहायचं साधन हाच फोन, त्यामुळे त्यावर आलेलं सगळं आपल्या माणसाकडून आल्यासारखं वाटतं. 'खोटे संदेश पाठवू नका' असं दरडावून उपयोग नाही. आजीने तो संदेश मायेपोटी पाठवलेला असतो. तिला विचारायला जवळचं माणूस हवं, आणि तिथे स्वयंसेविका पुन्हा कामी येते.

भाषेची अडचण येते का?

येते. अर्ज, पत्रकं, डॉक्टर हे सगळं बँकॉकच्या प्रमाण थाईत, इसानमध्ये घरी बोलतात लाओच्या जवळची बोली, दक्षिणेला पत्तानी-याला-नराथिवातमध्ये मलय, उत्तरेच्या डोंगरांत करेन, ह्मोंग, आखा. त्यात डॉक्टरांची भीड. समोर मोठा माणूस बसला आहे, त्याचा वेळ घ्यायचा नाही, न कळताही 'हो हो' म्हणायचं आणि बाहेर आल्यावर शेजारणीला विचारायचं. नंदुरबारच्या पावरी किंवा मेळघाटच्या कोरकू बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठीतलं पत्रक देताना आपणही हेच करतो.

उपचार जवळजवळ मोफत असतील तर साक्षरतेची गरज कमी होत नाही का?

उलट तिला अर्थ येतो. २००१-०२ मध्ये '३० बाटमध्ये सगळे उपचार' ही योजना आली. तिच्यामागे डॉ. सांगुआन नित्यारुम्फोंग यांचे अनेक वर्षांचे कष्ट होते. आज साडेचार कोटींहून जास्त लोक या छत्राखाली आहेत. 'लघवीतून रक्त आलं तर लगेच तपासा' हे ज्ञान खिशात पैसे नसलेल्या माणसाला फक्त भीती देतं. तपासणी परवडते हे कळलं की तो उठून जातो. शिवाय अनेक गावं मिळून होणाऱ्या प्रत्येक तांबोनमध्ये आरोग्य संवर्धन रुग्णालय आहे. नाव रुग्णालय असलं तरी ते आपल्या प्राथमिक केंद्र आणि उपकेंद्राच्या मधलं काहीतरी, नर्स आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या जिवावर चालणारं. अशी सुमारे ९,८०० आहेत.

आरोग्य साक्षरता वाढली की वागणं सुधारतं, हे सिद्ध झालं आहे का?

संबंध दिसतो, पण जपून बोलायला हवं. थाई खेड्यांतल्या अनेक अभ्यासांत एकाच वेळी प्रश्नावली भरून घेतात आणि साक्षरतेचे गुण जास्त तर वागणंही चांगलं असं आढळतं. पण ज्याला शिक्षण जास्त, पैसा बरा, वय कमी, त्याचे दोन्ही गुण चांगले येणारच. मी व्यायाम करतो, मी कमी गोड खातो, हेही लोक स्वतःच सांगतात. कृमीची अंडी किंवा रक्तातली साखर मोजून केलेल्या कामावर माझा जास्त भरवसा आहे.

थायलंडमध्ये काय कमी पडतं?

स्वयंसेविकांचंही वय वाढतं आहे आणि तरुण मुली या कामात सहज येत नाहीत. वरून येणारे तक्ते, ॲप आणि अहवाल वाढले की गप्पांचा वेळ कमी होतो. २०२२ च्या ऑक्टोबरपासून तीन हजारांहून जास्त तांबोन रुग्णालयं आरोग्य मंत्रालयाकडून प्रांतिक प्रशासनांकडे गेली. निर्णय गावाजवळ येणं चांगलंच, पण जिल्हा रुग्णालयाशी असलेली जुनी सांगड काही ठिकाणी विस्कटली. आणि परदेशी स्थलांतरित मजूर, विशेषतः म्यानमारहून आलेले, या सगळ्या जाळ्याच्या कडेलाच राहतात.

आम्ही थायलंडला फिरायला जातोय. मासे खायचे की नाही?

खुशाल खा, शिजलेले खा. तळलेला, भाजलेला, वाफवलेला आणि आमटीत उकळलेला मासा सुरक्षित आहे. ईशान्येकडे गेलात तर गोड्या पाण्यातल्या माशांचं कच्चं कोशिंबिरीसारखं काही समोर आलं तर नम्रपणे नाही म्हणा. थोडेच दिवस आंबवलेला 'प्ला सोम' कच्चा खाऊ नका. महिनोन् महिने मिठात मुरवलेल्या 'प्ला रा'मध्ये कृमीचा धोका खूपच कमी, तरी कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत तो घालणार असतील तर उकळलेला आहे का विचारा, बरेच विक्रेते आता उकळलेलाच वापरतात. चुकून कच्चा मासा खाल्ला असेल तर घाबरून परस्पर गोळ्या घेऊ नका. परतल्यावर डॉक्टरांना कुठे, कधी, काय खाल्लं ते सांगा, ते शौचाची तपासणी करून गरज असेल तर औषध देतील.